रोझेट नेब्युलाचा नॅरोबँड डेटा प्रोसेस कसा करायचा: कच्च्या फ्रेमपासून रंगापर्यंत

आमच्या मोर्शी-वरुडच्या पट्ट्यात जून लागला की सप्टेंबरपर्यंत आभाळाचा काही भरोसा नसतो, म्हणून हिवाळ्यात वावरात रात्र-रात्र जागून जमवलेला डेटा हाती घ्यायची हीच खरी वेळ. टेलिस्कोप पेटीत, कॅमेरा सिलिकाच्या पुड्यांसोबत डब्यात, आणि आपण लॅपटॉपसमोर. मी इथं उदाहरण रोझेट नेब्युलाचं, म्हणजे आकाशातल्या गुलाबाच्या आकाराच्या वायूच्या ढगाचं घेतो, कारण आपल्याकडून तो मस्त वर येतो आणि जानेवारीत जवळजवळ रात्रभर मिळतो. मृगातली काक्षी आणि प्रश्वा या दोन ताऱ्यांच्या मधे, काक्षीच्या बाजूनं थोडं जवळ, शृंगाश्व तारकासमूहात तो आहे. अंतर साधारण ५,००० प्रकाशवर्षं, आणि आकाशात पसारा पौर्णिमेच्या चंद्राच्या दुपटीहून जास्त.

माझं सांगणं एकच आहे राजेहो, रंग बघायची घाई करू नका. चित्र बनते किंवा बिघडते ते स्ट्रेच करायच्या, म्हणजे काळ्या चित्रातला फिकट भाग उजळवायच्या, आधीच, मंग पुढं कितीही स्लायडर ओढा काही उपयोग नसतो.

आपल्याकडं तीन फिल्टरचा डेटा आहे असं धरू. एच-अल्फा म्हणजे हायड्रोजनचा ६५६.३ नॅनोमीटरचा उजेड, ओ-थ्री म्हणजे ऑक्सिजनचा मुख्यतः ५००.७ चा, आणि एस-टू म्हणजे गंधकाचा ६७२ च्या आसपासचा. नॅरोबँड फिल्टर यातली अगदी बारीक पट्टी आत सोडतो, ३ किंवा ७ नॅनोमीटरची, बाकी सगळं अडवतो. म्हणून गावात हायमास्ट लागला असला तरी काम होते, फक्त पांढऱ्या एलईडीचा उजेड सगळ्या रंगांत पसरलेला असतो त्यामुळे थोडा आत येतोच, आणि चंद्राचा त्रास एच-अल्फापेक्षा ओ-थ्रीला जास्त होतो. ज्यांच्याकडं कलर कॅमेरा आणि ड्युअल-बँड (एकाच वेळी दोन पट्ट्या सोडणारा) फिल्टर आहे त्यांनी नाराज व्हायचं कारण नाही, सिरिल या सॉफ्टवेअरमधे एच-अल्फा आणि ओ-थ्री वेगळे काढायची तयार स्क्रिप्ट आहे, त्यापुढची बहुतेक वाट सारखीच.

सॉफ्टवेअरला पैसे लागतातच असं नाही. सिरिल, ग्रॅक्सपर्ट आणि स्टारनेट, तिन्ही फुकट आहेत आणि एवढ्यात पूर्ण काम होते. पिक्सइनसाइट चांगलंच आहे, पण ते विकत घ्यायचं आहे आणि शिकायला वेळ लागतो. जागा मात्र मोकळी ठेवा, २६ मेगापिक्सेलच्या मोनो (कृष्णधवल) कॅमेऱ्याची एक फ्रेम साधारण ५२ एमबीची होते आणि ३२ बिटमधे गेली की दुप्पट, शंभर फ्रेमवर काम करताना मधल्या फाइली धरून पंचवीस-तीस जीबी सहज जातात. लॅपटॉपची बॅटरी जुनी असेल तर इन्व्हर्टरवर लावून बसा, आपल्याकडं पावसाळ्यात लाइट कधी जाईल सांगता येत नाही.

१. आधी फ्रेम निवडा

एकेक फ्रेम डोळ्यांनी पाहा, भराभर पुढं ढकलत. ढगाचा पट्टा आलेली, वाऱ्यानं हललेली, आरशावर किंवा लेन्सवर दव बसून तारे फुगलेली फ्रेम काढून टाका. शेजारच्या वावरात जागलीवाल्यानं रानडुकरांमागं टॉर्च फिरवला असेल तर ती फ्रेमही पाहून घ्या, एका कोपऱ्यात हलकी झळ आलेली असते. सॅटेलाइटची रेघ आली म्हणून फ्रेम टाकू नका, ती स्टॅकिंगमधे, म्हणजे सगळ्या फ्रेम एकावर एक रचून सरासरी काढताना, आपोआप जाते.

२. कॅलिब्रेशन

कॅमेऱ्याचे आणि लेन्सचे दोष फ्रेममधून काढायला डार्क, फ्लॅट आणि फ्लॅटचे डार्क, हे तीन सेट लागतात. डार्क म्हणजे झाकण लावून तेवढ्याच वेळाची, तेवढ्याच गेनची (आयएसओसारखं सेटिंग) आणि तेवढ्याच तापमानाची फ्रेम. कूलिंगवाला कॅमेरा असेल तर उणे १० ला सेट करून डार्क पावसाळ्यातही काढता येतात. साधा डीएसएलआर असेल तर ते त्याच रात्री वावरातच काढा, कारण संध्याकाळी आणि पहाटे आपल्याकडं तापमानात दहा-बारा डिग्रीचा फरक पडतो आणि एप्रिलमधे घरात काढलेले डार्क जानेवारीच्या फोटोला चालत नाहीत.

फ्लॅट म्हणजे एकसारख्या उजेडाची फ्रेम, ते प्रत्येक फिल्टरचे वेगळे काढायचे, आणि ते फोकस किंवा कॅमेरा न हलवता. टेलिस्कोपच्या तोंडावर पांढरं सुती कापड ताणून उजाडतानाच्या आभाळाकडं धरलं तरी चांगले येतात, हिस्टोग्राम (उजेडाचा आलेख) साधारण मधोमध असला की बस. नॅरोबँडमधे फ्लॅटला बरेच सेकंद लागतात म्हणून त्याचे स्वतःचे डार्क लागतात. फ्लॅट नसले तर धुळीच्या गोल चकत्या आणि अंधारलेले कोपरे शेवटपर्यंत पाठ सोडत नाहीत, नेब्युलाच्या फिकट कडा कोणत्या आणि लेन्सची सावली कोणती हेच कळत नाही.

३. रजिस्ट्रेशन आणि स्टॅकिंग

सिरिलमधे प्रत्येक फिल्टरच्या फ्रेम ताऱ्यांवरून जुळवा आणि विन्सराइज्ड सिग्मा क्लिपिंग लावून सरासरी काढा, सिग्मा (सरासरीपासून किती लांबचं टाकायचं ते माप) दोन्हीकडं ३ ठेवून सुरुवात चालते. खळ्यावर उफणताना भुसा वाऱ्यानं बाजूला जातो आणि दाणा खाली पडतो तसं हे आहे, जे एकाच फ्रेममधे आलं ते बाहेर, जे सगळ्यांत आलं ते राहिलं. पण हिशेब कडक आहे, नॉइज (चित्रातला दाणेदारपणा) अर्धा करायचा तर वेळ चौपट लागतो. ३०० सेकंदांच्या ६० फ्रेम म्हणजे ५ तास, त्याच्या दुप्पट साफ चित्र पाहिजे तर २० तास. ओ-थ्री आणि एस-टू फिकट असतात म्हणून त्यांना एच-अल्फापेक्षा जास्त तास दिलेले बरे, बरेच जण नेमकं उलटं करतात.

तीन मास्टर (प्रत्येक फिल्टरचं एकेक स्टॅक केलेलं चित्र) तयार झाले की तिघांनाही एच-अल्फावर जुळवा आणि एकदाच सारखं क्रॉप करा. हे राहिलं तर पुढं प्रत्येक ताऱ्याला लाल-निळी कड येते.

४. ग्रेडियंट काढणं

इथून लिनिअर, म्हणजे अजून स्ट्रेच न केलेल्या, अवस्थेतलं काम, चित्र पडद्यावर काळंच दिसेल, ऑटोस्ट्रेच फक्त बघण्यापुरतं लावा. आमच्या शिवारातून नैऋत्येला अमरावतीचा उजेड क्षितिजावर चढलेला दिसतो, आणि रोझेट मध्यरात्रीनंतर पश्चिमेला कलतो तेव्हा फ्रेमचा एक कोपरा हळूहळू उजळत जातो, हाच ग्रेडियंट. ग्रॅक्सपर्टमधे किंवा सिरिलच्या बॅकग्राउंड एक्स्ट्रॅक्शनमधे तीनही चॅनेल (फिल्टरचे मास्टर) वेगवेगळे साफ करा, कारण प्रत्येकाचा ग्रेडियंट वेगळा असतो. पद्धत वजाबाकीची ठेवा. सॅम्पलचे (बॅकग्राउंड कुठं मोजायचं ते दाखवणारे) ठिपके नेब्युलावर पडले असतील तर एकेक हातानं काढा, रोझेट फ्रेमभर पसरलेला असतो आणि सॉफ्टवेअरला त्याच्या बाहेरच्या फिकट पाकळ्या ग्रेडियंटच वाटतात. काढलेलं बॅकग्राउंड वेगळं उघडून पाहा, त्यात गुलाबाचा आकार दिसला तर तुम्ही नेब्युलाच वजा केला, परत करा.

नागपूर जिल्ह्यातल्या पेंच व्याघ्र प्रकल्पाला २०२४ च्या जानेवारीत भारतातलं पहिलं डार्क स्काय पार्क म्हणून मान्यता मिळाली. तिकडच्या अंधाऱ्या आभाळाखाली डेटा घ्यायला मिळाला तर ही पायरी पाच मिनिटांत होते. बाकी आपल्यासारख्यांनी इथंच सगळ्यात जास्त वेळ द्यावा.

५. नॉइज कमी करा, पण जपून

लिनिअरमधेच हलका डिनॉइज लावा, एच-अल्फाला कमी, ओ-थ्रीला थोडा जास्त. एआयवाली साधनं जोरात लावली की फिकट भागात तंतू आणि गाठी बनवून देतात ज्या आकाशात नाहीतच, आणि हे मला अजिबात पटत नाही, आपण खऱ्या वस्तूचा फोटो काढला आहे. शंका आली तर साधी परीक्षा आहे. फ्रेमचे दोन गट करा, दोन वेगळे स्टॅक बनवा, तो तंतू दोन्हीत दिसला तर खरा, एकातच दिसला तर पुसून टाका.

६. तारे वेगळे करा

सिरिलच्या सेटिंगमधे स्टारनेटचा पत्ता देऊन तिन्ही चॅनेलमधून तारे काढा, लिनिअर चित्र असेल तर आधी स्ट्रेच करायचा पर्याय टिक करा. तारे काढलेलं आणि फक्त ताऱ्यांचं, दोन्ही फाइली जपून ठेवा. ओ-थ्रीत मोठ्या ताऱ्यांभोवती वलयं राहतात, ती हातानं साफ करावी लागतात.

७. स्ट्रेच

आता कुठं चित्र दिसायला लागते. जनरलाइज्ड हायपरबोलिक स्ट्रेच वापरा, सिमेट्री पॉइंट (जिथं स्ट्रेचचा जोर सगळ्यात जास्त तो बिंदू) हिस्टोग्रामच्या डोंगराच्या किंचित डावीकडं ठेवा, आणि एकाच झटक्यात न करता थोडं थोडं चार-पाच वेळा करा. बॅकग्राउंड पूर्ण काळं करू नका, ० ते २५५ च्या मापात २० ते २५ वर असू द्या, रोझेटच्या बाहेरचा फिकट हायड्रोजन तिथंच लपलेला असतो. ओ-थ्री आणि एस-टू एच-अल्फाच्या उजेडापर्यंत आणायचे, त्यासाठी स्ट्रेचच्या आधी लिनिअर मॅच करून घेतलं तर सोपं जाते.

८. रंग

हबल पॅलेटमधे (हबल दुर्बिणीच्या फोटोंसारख्या रंगवाटपात) एस-टू लाल, एच-अल्फा हिरवा, ओ-थ्री निळा. १९९५ मधल्या गरुड नेब्युलाच्या खांबांच्या प्रसिद्ध हबल फोटोमुळे हा पॅलेट सगळ्यांना ओळखीचा झाला. गावात फोटो दाखवला की कोणी ना कोणी विचारतेच, 'हा रंग खरा हाय का बाबू?' उत्तर सरळ द्यावं. एच-अल्फा आणि एस-टू दोन्ही डोळ्याला लालच दिसतात, त्यांच्यातला फरक कळावा म्हणून आपण रंग वाटून दिले आहेत. आकार खरे, कोणता वायू कुठं आहे ते खरं, रंग मात्र नेमून दिलेले.

सरळ जोडलं तर सगळं हिरवंगार दिसते, कारण हायड्रोजन सगळ्यात जास्त. म्हणून पिक्सेल मॅथमधे मिसळून घ्या. माझी सुरुवात अशी असते: लाल = ०.७ एस-टू + ०.३ एच-अल्फा, हिरवा = ०.६ एच-अल्फा + ०.४ ओ-थ्री, निळा = नुसता ओ-थ्री. बाहेरच्या पाकळ्या सोनेरी होतात आणि मधला भाग निळा राहतो. तो निळा उगाच आलेला नाही, मधे एनजीसी २२४४ नावाचा तरुण ताऱ्यांचा गुच्छ आहे आणि त्यातल्या अतितप्त ताऱ्यांच्या अतिनील प्रकाशानं ऑक्सिजनचे दोन-दोन इलेक्ट्रॉन निघून जातात. उरलेला हिरवेपणा ग्रीन नॉइज रिमूव्हलनं काढा, प्रिझर्व लाइटनेस चालू ठेवून, नाहीतर हायड्रोजनचाच उजेड कमी होतो.

एस-टू नसेल तर लाल एच-अल्फा आणि हिरवा-निळा दोन्ही ओ-थ्री, हे दोन रंगांचं चित्रही सुंदर येते, आणि माझ्या मते पहिल्या प्रयत्नाला तेच करावं.

ल्युमिनन्स (चित्राचा उजेड ठरवणारा थर) म्हणून नुसता एच-अल्फा लावायची सवय आहे सगळ्यांना, रोझेटला ते मारक आहे. एच-अल्फात मधलं पोकळ अंधारं असते, त्यामुळे निळा भाग दबून जातो. ०.७ एच-अल्फा आणि ०.३ ओ-थ्री मिसळून ल्युमिनन्स बनवा, पोकळीतला निळाही राहतो आणि धुळीचे काळे गोळेही ठळक दिसतात.

९. तारे परत बसवा

नॅरोबँडचे तारे या पॅलेटमधे जांभळट दिसतात. जमलं तर त्याच रात्री लाल-हिरवा-निळा फिल्टर लावून ३० सेकंदांच्या वीसेक फ्रेम प्रत्येकी घ्याव्यात आणि त्यांचेच तारे इथं वापरावेत. रंग बरोबर आला का हे तपासायला गुच्छाजवळच १२ मोनोसेरोटिस हा तारा आहे, तो गुच्छाचा नाही, आपल्या बराच जवळचा आहे आणि पिवळसर दिसायला पाहिजे, तर गुच्छाचे तारे निळसर पांढरे. सिरिलच्या स्टार रिकंपोझिशनमधे ताऱ्यांचा स्ट्रेच कमी ठेवा, नेब्युला झाकला जाऊ नये.

शेवटी १६ बिटची टिफ जपायला आणि एसआरजीबी जेपीजी पाठवायला. फोनवर ब्राइटनेस अर्धा करून एकदा पाहा, बहुतेक लोक तिथंच पाहणार आहेत. प्रिंट काढायची असेल तर चित्र जरा उजळ करून द्या, कागदावर ते पडद्यापेक्षा गडद येते.

आणि कॅलिब्रेट केलेल्या सुट्या फ्रेम डिलीट करू नका, फक्त मास्टर ठेवून भागत नाही. पुढच्या डिसेंबरात त्याच फ्रेमिंगनं ओ-थ्रीचे आणखी काही तास घेतले की जुन्या-नव्या सगळ्या फ्रेम एकत्र स्टॅक करता येतात, आणि मंग पायरी ३ पासून परत सुरू करायचं.