चित्रपुस्तकातली जादू: पान उलटण्याआधी थांबायचं

जादूच्या गोष्टीत खरी गंमत पान उलटताना घडते. या पानावर रिकामी टोपली, पुढच्या पानावर तिच्यातून डोकावणारा हत्ती! म्हणून मुलाला वाचून दाखवण्याआधी पुस्तक एकट्याने वाचा आणि अशी पानं हेरून ठेवा. तिथे पोचलात की पानाचा कोपरा चिमटीत धरून मनात पाचपर्यंत मोजा. मूल काहीतरी बोलेलच. मंतर त्यालाच म्हणू द्या, पानही त्यालाच उलटू द्या. दोन वर्षांच्या आतल्या मुलासाठी पुठ्ठ्याच्या पानांचं पुस्तक घ्या, पातळ कागद फाटतो.

घाई हीच मोठी चूक. आपले डोळे अक्षरांवर धावतात, मुलाचे चित्रात रमलेले असतात, आणि चित्र वाचायला जास्त वेळ लागतो. ‘हा रंग कुठला?’ अशी परीक्षाही नको. ‘आता काय होईल?’ एवढं पुरे.

मूल कुशीत, पुस्तक त्याच्या डोळ्यांसमोर फूटभर. दोघं असतील तर दोन्ही बाजूंना: धाकट्याकडे पान, थोरल्याकडे मंतर. ट्यूबलाइट गुळगुळीत कागदावर चमकते, त्यापेक्षा खांद्यामागून येणारा ५ ते ७ वॉटचा पिवळा एलईडी बरा. पंखा कमी करा, नाहीतर नेमकं गुपिताचं पान आधीच उघडतं. वन-रूम-किचनमध्ये दहा मिनिटं टीव्ही बंद ठेवण्याचं घरच्यांशी आधीच ठरवा.

जादूने मुलं चेकाळतात, गादीवर उभं राहून छू करू लागतात. म्हणून नवं पुस्तक संध्याकाळी, झोपताना ओळखीचं. लोकलने उशिरा घरी पोचणाऱ्यांनी तर रात्री नवं काढूच नये. जादूच्या पानावर आवाज चढवू नका, कुजबुजा. शेवटची तीन पानं आणखी सावकाश. राक्षसाच्या पानावर मूल तोंड फिरवत असेल तर ते पान सोडा, दुसऱ्या दिवशी उजेडात दाखवा.

पुस्तकं दादरच्या ‘आयडियल’ या पुस्तकांच्या दुकानात चाळून निवडता येतात. प्रथम बुक्स या प्रकाशन संस्थेच्या ‘स्टोरीवीव्हर’ संकेतस्थळावर २०१५पासून गोष्टी मोफत मिळतात, मराठीतल्याही. फोन मात्र अंथरुणात नको, आवडलेली गोष्ट छापून घ्या.

तेच पुस्तक महिनाभर मागितलं तरी द्या, आणि शब्द बदलू नका. मूल लगेच पकडतं. किती गोष्टी ते दिवा लावतानाच ठरवा. ठरलेली संपली की मागचं कव्हर दाखवायचं, पुस्तक उशाशी आणि दिवा बंद.