जुन्या वृत्तपत्रातील युद्धनकाशाचे मूळ कसे शोधावे

धुळ्याचे राजवाडे संशोधन मंडळ किंवा जळगावचे व. वा. वाचनालय यांसारख्या जुन्या संस्थांत वृत्तपत्रांच्या फायली पाहण्याची परवानगी मिळाली, तर केवळ नकाशाचे छायाचित्र घेऊन थांबू नये. अंकाची तारीख, नकाशाखालची ओळ आणि शेजारची बातमी यांसह पूर्ण पान टिपावे. बांधणीच्या कडेला पान वाकते आणि तेथील अंतरे फसवी ठरतात, म्हणून मोजमाप मोकळ्या बाजूला करावे. उन्हाळ्यात हा कागद बोट लावताच तुटतो, हेही ध्यानात असावे.

आधारनकाशा आणि त्यावरच्या युद्धरेषा व बाण यांचा उगम बहुधा निरनिराळा असतो: पहिला एखाद्या नकाशासंग्रहातून घेतलेला, दुसरा तारेने आलेल्या बातमीवरून काढलेला. म्हणून दोघांचा काळ वेगवेगळा ठरवावा. ब्रह्मदेश १ एप्रिल १९३७ रोजी हिंदुस्थानापासून वेगळा झाला. १९४२ च्या नकाशात तो हिंदुस्थानचाच प्रांत दिसत असेल, तर आधार जुना आहे. रंगून ८ मार्च १९४२ रोजी पडले. त्यानंतरच्या अंकातही ते ब्रिटिशांच्या हाती दाखवले असेल, तर ब्लॉक (नकाशा छापण्याचा ठसा) आधीच तयार झालेला असावा.

नावांचे लेखन फार बोलके असते. पहिल्या महायुद्धातील ‘ईप्र’ (Ypres) हे बेल्जियममधील गाव ‘यप्रेस’ असे छापलेले आढळले, तर रेखनकाराने इंग्रजी अक्षरे पाहून नाव उतरवले, उच्चार ऐकून नव्हे, असे मानण्यास जागा आहे.

नकाशा इंग्रजी वृत्तपत्रातून उतरवलेला असू शकतो, म्हणून यानंतर त्या वृत्तपत्रांकडे वळावे. ऑस्ट्रेलियाचा ‘ट्रोव्ह’ हा जुन्या वृत्तपत्रांचा ऑनलाइन संग्रह घरबसल्या विनामूल्य पाहता येतो. त्यात नकाशावरची दोन-तीन अपरिचित गावे एकत्र घालून, अंकाच्या तारखेच्या काही आठवडे मागपर्यंत शोध घ्यावा, मात्र नकाशातील अक्षरे यंत्राला नीट वाचता येत नसल्याने पाने डोळ्यांनीही पाहावीत. किनारा किंवा नदीचे वळण जुळले म्हणून हुरळून जाऊ नये, कारण ते सगळ्यांनीच एकसारख्या नकाशासंग्रहांतून घेतलेले असते. तीच किरकोळ गावे निवडलेली, तेच मोठे शहर वगळलेले, चौकट त्याच ठिकाणी कापलेली आणि एखादी चूकही तीच, असे आढळले तरच नोंदवहीत ‘मूळ’ हा शब्द लिहावा. एरवी ‘समान आधार’ इतकेच लिहून दोन्ही अंकांच्या तारखा व पृष्ठांक नोंदवावेत.