भूकंपाच्या अंदाजांचे नकाशे करायचेत? आधी साठवायला शिका (नवीन इंटर्न मंडळींसाठी)

भूकंपाच्या लॅबमध्ये समर इंटर्न म्हणून लागलात की पहिल्याच आठवड्यात कोणीतरी म्हणतं, ते आफ्टरशॉक फोरकास्टचे (मोठ्या भूकंपानंतर येणाऱ्या धक्क्यांच्या अंदाजाचे) आकडे आहेत ना, त्याचे नकाशे कर आणि जमलं तर नीट साठवून पण ठेव. "जमलं तर" वर जाऊ नका. मी गेले होते, मस्त रंगीत नकाशे करत बसले, साठवायचं काम शेवटच्या आठवड्यावर ढकललं, आणि मग कळलं की माझ्याकडे प्रत्येक भूकंपाचा फक्त सगळ्यात ताजा अंदाज आहे, आधीचे काही उतरवलेलेच नाहीत. म्हणून इथे क्रम उलटा देतेय.

त्याआधी एक गोष्ट, कारण घरी फोनवर सांगितलं की हमखास विचारतात, "म्हणजे भूकंप कधी होणार ते तुला आधी कळणार?" नाही हो. ते भाकीत झालं, अमुक दिवशी अमुक ठिकाणी वगैरे, आणि ते आजवर कोणालाच जमलेलं नाही. आपण करतो तो अंदाज, म्हणजे पुढच्या आठवड्यात या भागात 5 च्या वरचा धक्का बसायची शक्यता किती टक्के, एवढंच. अमेरिकेत साधारण 5 किंवा त्याहून मोठा भूकंप झाला की यूएसजीएस (तिथली सरकारी भूगर्भ सर्वेक्षण संस्था) असा अंदाज काढतं, पुढचा एक दिवस, आठवडा, महिना, वर्ष असे वेगवेगळे टप्पे धरून. धक्के दिवसागणिक कमी होत जातात (हे ओमोरी नावाच्या जपानी शास्त्रज्ञाने 1894 मध्येच मांडलंय), त्यामुळे अंदाजही सारखा नवा काढावा लागतो. आणि जुना मागे पडतो, आपली डोकेदुखी तिथेच सुरू होते.

जुना कशाला हवा? रिजक्रेस्टचं उदाहरण घ्या, कॅलिफोर्निया, 2019. 4 जुलैला सकाळी 10:33 ला 6.4 चा भूकंप झाला, सगळे म्हणाले हाच मोठा. 5 जुलैला रात्री 8:19 ला 7.1 चा आला. आता कोणी विचारलं की मधल्या 34 तासांत "याहून मोठा येऊ शकतो" याची शक्यता किती सांगितली होती, तर उत्तर फक्त त्या मधल्या वेळात निघालेल्या अंदाजातच सापडणार, नंतरच्यात नाही. निकाल लागल्यावर काढलेल्या अंदाजाला परीक्षेत मार्क नसतात! सीसेप नावाचा जो आंतरराष्ट्रीय प्रयोग 2007 पासून चालू आहे त्याचा पायाच हा आहे: मॉडेल आधी जमा करा, नंतर हात लावायचा नाही, मग प्रत्यक्ष भूकंपांशी ताडून बघा. त्याच्या आधीचा कॅलिफोर्नियातला रेल्म प्रयोग 2006 ते 2010 अशी पाच वर्षं चालला, नकाशाचे 7,682 चौकोन केले होते आणि 4.95 च्या वरचे भूकंप मिळाले एकूण 31. पाच वर्षांत 31! म्हणजे एकेक नोंद किती मोलाची ते बघा.

तर कामाला लागा. यूएसजीएसचा कॉमकॅट कॅटलॉग आहे, म्हणजे भूकंपांच्या नोंदींची ऑनलाइन यादी, त्यात अंदाज निघालेल्या भूकंपाच्या आयडीखाली तो जेसन फाइलमध्ये (साध्या मजकुरातला डेटा) मिळतो, प्रॉडक्टचं नाव ओएएफ (ऑपरेशनल आफ्टरशॉक फोरकास्ट). एपीआयला (प्रोग्रॅममधून डेटा मागायची सोय) आयडी देऊन मागताना मागे पडलेल्या आवृत्त्याही द्या असं सांगायचा पर्याय असतो, तो चालू करा, मी तो वाचलाच नव्हता. आलेली फाइल जशीच्या तशी एका फोल्डरमध्ये, आणि त्या फोल्डरला रीड-ओन्ली करून टाका. साफसफाई, कॉलमची नावं बदलणं, सगळं कॉपीवर. प्रत्येक फाइलचा चेकसम (फाइलवरून काढलेला आकडा, फाइल बदलली की तोही बदलतो) काढून ठेवा. फाइलच्या नावात भूकंपाचा आयडी आणि अंदाज जाहीर झाल्याची वेळ, "फायनल", "फायनल नवीन", "फायनल खरंच" असलं काही नको.

वेळेचं मात्र सांभाळा, सगळ्यात जास्त घोळ इथे. एका अंदाजाला किमान चार वेळा असतात: भूकंप कधी झाला, अंदाज कधी जाहीर झाला, तो कधीपासून कधीपर्यंत लागू आहे, आणि तुम्ही कधी उतरवला. चारही लिहा आणि सगळ्या यूटीसीमध्येच (जागतिक प्रमाणवेळ, आपल्या घड्याळाच्या साडेपाच तास मागे). वरचा 7.1 चा भूकंप तिथल्या घड्याळात 5 जुलैचा, यूटीसीत 6 जुलैचा. आपल्याकडचंच बघा ना, किल्लारीचा भूकंप आपल्याला 30 सप्टेंबर 1993 ची पहाट म्हणून पाठ आहे पण कॅटलॉगमध्ये 29 तारखेला शोधावा लागतो, कोयनेचा 11 डिसेंबर 1967 चा तिथे 10 ला आहे. मी पहिल्यांदा शोधला तेव्हा वाटलं डेटाच चुकलाय.

आता नकाशे. पायथनमध्ये नकाशे काढायला पायजीएमटी किंवा कार्टोपाय लायब्ररी, जी जमेल ती. चौकोनांमधले आकडे हजारो पटीने कमी-जास्त असतात, त्यामुळे रंगांची स्केल लॉगच ठेवा (प्रत्येक पायरी दहापट, अशी), नाहीतर एक लाल ठिपका आणि बाकी सगळं पांढरं. इंद्रधनुष्यी रंग नकोत, विरिडिससारखं (जांभळ्यापासून पिवळ्यापर्यंत एकसारखी उजळत जाणारी रंगपट्टी) काहीतरी घ्या. ॲनिमेशन करत असाल तर सगळ्या फ्रेमना एकच स्केल, नाहीतर शक्यता खाली आली तरी नकाशा तेवढाच भडक दिसतो. आणि अपेक्षित संख्या म्हणजे शक्यता नव्हे! सरासरी 0.5 धक्के अपेक्षित असतील तर किमान एक बसायची शक्यता 50 नाही, साधारण 39 टक्के येते (1 वजा ई चा उणे 0.5 घात, साधं पॉइसाँ धरून, म्हणजे धक्के एकमेकांपासून स्वतंत्र मानून). 2 अपेक्षित असले तरी 86 टक्केच. नकाशाखाली कोणता आकडा दाखवलाय ते लिहा, जाहीर झाल्याची वेळ नकाशावरच छापा, कारण स्क्रीनशॉट एकदा व्हॉट्सॲपवर गेला की कॅप्शन मागेच राहतं.

रीडमी (फोल्डरमध्ये काय आहे आणि कसं वापरायचं ते सांगणारी फाइल) शेवटच्या दिवशी लिहायची नाही. लिहून झाली की फोल्डर दुसऱ्या इंटर्नला द्या आणि सांगा, रिजक्रेस्टसाठी 5 जुलै 2019 च्या संध्याकाळी (तिथल्या घड्याळात) जो अंदाज लागू होता त्याचा नकाशा काढ. त्याने तुम्हाला एकदाही फोन केला नाही तर सुट्टीवर जा, केला तर काय विचारलं ते रीडमीत टाका आणि तिसऱ्याला द्या.