युक्लिडचे कोन वाचताना या चुका टाळा

ग्रीक गणिती युक्लिडच्या ‘एलिमेंट्स’ या भूमितीग्रंथातली एखादी सिद्धता गळी उतरत नसेल, तर आधी मनातले अंश काढून टाका. इ.स.पू. 300 च्या सुमाराच्या या ग्रंथात अंश नाहीत. कोन ताडायचा तो काटकोनाशी. त्रिकोणाच्या कोनांची बेरीज म्हणजे ‘दोन काटकोन’.

अंश डोक्यात असले की पहिल्या खंडातलं 13 वं प्रमेय फुकाचं वाटतं. रेषेवर दुसरी रेषा उभी केली की दोन्ही बाजूंचे कोन मिळून दोन काटकोन होतात, यात सिद्ध काय करायचं? सरळ कोन 180 अंशांचाच ना! पण युक्लिडच्या व्याख्येत एका सरळ रेषेत पडणाऱ्या रेषांमध्ये कोनच होत नाही. म्हणून तो त्या बिंदूवर लंब काढतो आणि कोनांचे तुकडे जुळवून दाखवतो.

‘सगळे काटकोन समान’ हे चौथं गृहीतकही वगळू नका. व्याख्येतून एवढंच कळतं की एका लंबाच्या दोन्ही बाजूंचे कोन सारखे. दुसऱ्या आकृतीतला काटकोन तेवढाच असेल, हे त्यातून निघत नाही. जर्मन गणिती हिल्बर्टने 1899 मध्ये ते सिद्ध केलं, पण कोनांच्या एकरूपतेची गृहीतकं आधी मांडून.

सगळ्यात जास्त गडबड होते ती तिसऱ्या खंडात. एकाच वर्तुळखंडातले (जीवेने कापलेल्या वर्तुळाच्या भागातले) कोन समान, हे 21 वं प्रमेय. युक्लिड म्हणतो, दोन्ही कोन केंद्राशी होणाऱ्या कोनाच्या निम्मे, म्हणून समान. वर्तुळखंड अर्धवर्तुळापेक्षा मोठा असेल तर हे चोख आहे. लहान वर्तुळखंडात मात्र केंद्राशी प्रविशाल (दोन काटकोनांहून मोठा) कोन येतो, आणि तो त्याच्या व्याख्येत बसत नाही. इथे ‘240 अंशांचे निम्मे 120’ लिहून मोकळं होणं ही चूकच. फट खरी आहे, पण ती त्याच्याच साधनांनी बुजते. जीवा बड आणि लहान कंसावर अ, इ हे बिंदू घ्या. अ मधून व्यास अक काढा, इक जोडा. आता बअक आणि बइक कोन समान, कारण त्यांच्यासमोरचा कंस बक अर्धवर्तुळापेक्षा लहान, म्हणजे त्यांचा वर्तुळखंड मोठा. तसेच कअड आणि कइड. बेरीज करा, काम झालं. मला ही दुरुस्ती मूळ सिद्धतेपेक्षाही देखणी वाटते.

आणि याच तिसऱ्या खंडातल्या 16 व्या प्रमेयात वर्तुळ आणि स्पर्शिका यांच्यामधला कोन शून्य धरू नका. युक्लिडच्या लेखी तो कोनच आहे, फक्त सरळ रेषांच्या कोणत्याही लघुकोनाहून लहान.