लग्नसराईची कमाई चातुर्मासाला पुरवायची तर

लातूर-परभणीकडं लग्नाचे फोटो, व्हिडिओ एडिटिंग, पत्रिका-बॅनरचं डिझाइन करणाऱ्यांचं वर्ष सरळ दोन भागांत पडतं. तुळशीच्या लग्नानंतर तारखा सुरू होतात, एप्रिल-मेमध्ये जेवायला फुरसत नसते, आणि आषाढी एकादशी झाली की फोन शांत. नेमकं त्याच सुमारास पोरांची फी, वह्या-पुस्तकं आणि घरी शेती असेल तर सोयाबीनचं बी-खत अंगावर येतं.

म्हणून कामाचं खातं वेगळं काढा. ग्राहकाचा सगळा पैसा, इसारासकट, तिथंच येऊ द्या आणि दर एक तारखेला ठरलेली रक्कम घरखर्चाच्या खात्यात पाठवा, पगारासारखी. आकडा काढताना गेल्या वर्षीच्या कमाईतून कॅमेरा दुरुस्ती, हार्डडिस्क, गाडीभाडं वजा करा आणि उरलेल्याला बारानं भागा. मे महिन्यात खातं फुगलेलं दिसलं तरी आकडा वाढवायचा नाही. सगळ्यात अवघड तेच आहे. घरच्यांनाही तो सांगून ठेवा, म्हणजे श्रावणात भांडणं होत नाहीत.

रिकाम्या महिन्यांत कंपन्यांची, संस्थांची कामं धरा. त्यांच्या बिलातून १० टक्के टीडीएस (पैसे देतानाच कापून घेतलेला आयकर) कापला गेला असेल आणि तुम्हाला कर तेवढा बसत नसेल, तर आयकराचं विवरणपत्र भरून जास्तीचा कापलेला परत मिळतो. उद्यम नोंदणीही, म्हणजे छोट्या व्यवसायांची सरकारी नोंदणी, करून घ्या. आधारवर, फुकट होते. नोंदणी असली की व्यावसायिक ग्राहकाला कायद्यानं जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे द्यावे लागतात. नोंदणीचा क्रमांक प्रत्येक बिलावर छापा.