घरात म्हातारी पॉम आणि वर लॅबचं पिल्लू आणताय? या चुका टाळा

आमची चिंगी ११ वर्षांची, वजन ६ किलो. आपण सगळे जिला पामेरियन म्हणतो ती, खरं तर इंडियन स्पिट्झ, पण ते जाऊ दे. मागच्या वर्षी आम्ही तिच्या राज्यात लॅबचं पिल्लू आणलं, दोन महिन्यांचं, नाव बंड्या. आणला तेव्हा जवळपास चिंगीच्याच वजनाचा होता, त्यामुळे घरात सगळे खूश की चला, जोडी जमली. पुढच्या चार महिन्यांत बंड्या २० किलोच्या पुढे गेला आणि अक्कल मात्र होती तिथेच.

लोक विचारतात म्हातारी चावेल का, जळेल का, भांडणं होतील का. अहो, भांडणापेक्षा लाडाचीच भीती जास्त असते. खेळता खेळता मारलेला एक पंजा किंवा सोफ्यावरून अंगावर घेतलेली उडी, बास. पग किंवा शिह त्झू असेल तर त्यांचे डोळे मुळातच पुढे आलेले, जोरात लागलं तर डोळा खोबणीतून बाहेर येऊ शकतो, आणि डॅशंडची पाठ तर आधीच नाजूक, मणक्यातली गादी सरकली की मागचे पाय लुळे पडू शकतात. त्यामुळे जे काही नियम लावायचेत ते पिल्लू हातात मावतंय तोवरच लावा.

पहिली चूक आम्हीच केली. पिल्लू थेट हॉलमध्ये आणून सोडलं, सगळे मोबाईल काढून शूटिंगला बसले, आणि चिंगी जी सोफ्याखाली गेली ती दोन दिवस फक्त शूला बाहेर आली. पहिली भेट घराबाहेर करायची असते, जिथे कुणाचंच राज्य नाही. आता सगळे सांगतात बागेत न्या, पण पिल्लाचे डोस पूर्ण झालेले नसतात आणि पार्वोचा, म्हणजे पिल्लांना उलट्या-जुलाब होऊन जिवावर बेतणाऱ्या आजाराचा, व्हायरस मातीत महिनोन्‌महिने जिवंत राहतो, म्हणजे भटकी कुत्री फिरतात तिथे त्याला खाली ठेवणं म्हणजे संकट ओढवून घेणं. बिल्डिंगची टेरेस बघा. दोघांना पट्टा, दोन माणसं, पट्टा सैल सोडून थोडं अंतर ठेवून शेजारीशेजारी चालायचं, मग जरा हुंगू द्यायचं, पाच मिनिटांत आवरतं घ्यायचं. म्हातारीचे वर्षाचे डोस झालेत ना ते आधीच बघून ठेवा, आणि जंताचं औषध दोघांना, कारण पिल्लं बऱ्याचदा पोटात जंत घेऊनच येतात.

म्हातारीला पिल्लू यायच्या आधी एकदा डॉक्टरला दाखवा, हे आम्ही नंतर केलं. चिंगीची एक दाढ पार किडलेली निघाली! जेवताना कुणी जवळ आलं की ही का खेकसते त्याचा उलगडा तेव्हा झाला, आणि आम्ही आपले तिला खडूस म्हणत बसलो होतो. गुडघे दुखत असतील, मोतीबिंदू असेल, ऐकू कमी येत असेल तर मागून येऊन आदळणारं पिल्लू तिला किती धडकी भरवत असेल बघा.

आता सगळ्यात मोठी चूक. चिंगी गुरगुरली की सासूबाई लगेच, "चिंगे, लाज नाही वाटत, बाळ आहे ना ते!" आणि वर चप्पल दाखवायची. गुरगुरणं म्हणजे नोटीस असते हो. नोटीस दिल्याबद्दल ओरडा बसला तर ते कुत्रं नोटीस देणंच सोडतं आणि एक दिवस थेट चावतं, मग आपण म्हणतो अचानक चावली. आणि गुरगुरायच्याही आधी ती सांगतच असते, उगाच ओठ चाटते, झोप आलेली नसताना जांभई देते, मान फिरवते, डोळ्याचा पांढरा भाग दिसायला लागतो. तेव्हाच पिल्लाला हाक मारून बाजूला न्यायचं. म्हातारीला उचलून घेऊ नका, कारण ती कडेवर गेली की पिल्लाला वाटतं खेळणं वर टांगलंय आणि ते तुमच्या अंगावर उड्या मारतं. त्यापेक्षा समोर असाल तोवर पिल्लाच्या गळ्यात हलका पट्टा लोळू द्या, वेळ आली की त्यावर नुसता पाय ठेवायचा.

तिला पळून जायला जागा पाहिजेच. आमच्याकडे सुरुवातीला सोफा हीच ती जागा होती, चिंगी चढायची, बंड्याला जमायचं नाही, खालून नुसता भुंकायचा. साडेतीन महिन्यांचा झाल्यावर एका संध्याकाळी तो चढला आणि चिंगीचा चेहरा बघण्यासारखा झाला. मग बेडरूमच्या दाराला आधी फळी लावली, ती त्याने आठवड्यात पार केली. शेवटी लोखंडी बेबी गेट घेतलं आणि ते जमिनीपासून वीतभर वर बसवलं. चिंगी पोट घासत खालून सटकते आणि बंड्याचं डोकं तेवढं आत जातं. (तुमच्या पिल्लाचं नेमकं किती आत जातं ते आधी बघा, मान अडकायला नको.)

खाणं वेगळ्या खोल्यांत, दार लावून, पंधरा मिनिटांनी दोन्ही भांडी उचलायची. पिल्लाचं खाणं दिवसभर पडून राहिलं की म्हातारी ते खाते आणि फुगते, सहा किलोच्या कुत्र्याला एक किलो वाढलं तरी गुडघ्यांची वाट लागते. आणि पिल्लाला मनानेच कॅल्शियमचं सिरप पाजू नका, मोठ्या जातीच्या पिल्लांना जास्तीचं कॅल्शियम हाडांना उलट बाधतं. फरशी गुळगुळीत असेल तर जुन्या सतरंज्या, योगा मॅट काय असेल ते अंथरा, दोघांचेही पाय घसरतात.

संध्याकाळी सातला पिल्लू वेड्यासारखं घरभर धावतंय, म्हातारीच्या शेपटीला लोंबकळतंय, म्हणजे एनर्जी जास्त झाली असं नाही, बहुतेक वेळा ते दमलेलं असतं. एवढुशी पिल्लं दिवसात अठरा-अठरा तास झोपतात. पिंजऱ्यात किंवा खोलीत नेऊन झोपवा.

चार-पाच महिन्यांच्या आसपास आणखी एक गंमत होते. बाळ आहे म्हणून मोठी कुत्री जी सूट देतात ती इथे संपते, त्यात पिल्लाचे दात बदलत असतात आणि ते दिसेल ते चावतं. तोवर सोसणारी चिंगी एके दिवशी त्याच्या नाकावर फटकन दात आपटून गेली. रक्त नाही, बंड्या ओरडून लांब. एवढं चालतं. ती खायची बंद झाली, घरात शू करायला लागली, बाहेरच येईना, किंवा पिल्लू आवाज न करता ताठ उभं राहून तिच्याकडे टक लावून बघतंय, तर मात्र वाट बघू नका. तीन-चार दिवस पूर्ण वेगळं ठेवा, अंथरुणं आपापसात बदला म्हणजे वास ओळखीचा होतो, आणि पुन्हा टेरेसपासून सुरुवात. धावाधावीचा खेळ बंदच करा, छोटं कुत्रं किंचाळत पळालं की मोठ्याच्या डोक्यात खेळाची शिकार व्हायला वेळ लागत नाही.

आणि खरंच जुंपली तर हात मध्ये घालू नका, पाणी ओता, खुर्ची घाला, चादर टाका. छोट्याच्या अंगावर बाहेरून दोनच बारीक भोकं दिसतात पण आत कातडीखाली बरंच फाटलेलं असू शकतं, छातीवर किंवा मानेवर असेल तर जास्तच. हळद भरून उद्या बघू असं नाही, त्याच दिवशी डॉक्टर. तुम्हाला दात लागला असेल तर साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवा आणि रेबीजच्या इंजेक्शनचं विचारायला तुमच्या डॉक्टरकडेही जा, घरचंच कुत्रं असलं तरी.