फौजेतून काढल्यावर परत जायचंय? मग या चुका टाळा

गैरवर्तनाच्या ठपक्यावरून घरी पाठवलेली पोरं सल्ला विचारायला येतात, तेव्हा दहातल्या नऊ जणांचा पहिला प्रश्न असतो, "सुभेदार साहेब, परत भरती होता येईल का?" प्रश्नच चुकीच्या टोकाकडून विचारलेला आहे. भरतीच्या रांगेत पुन्हा उभं राहून कोणी परत जात नाही. ज्या आदेशाने तुम्हाला काढलं तो आदेश रद्द करून घेणं, एवढा एकच रस्ता उरतो. तो लांबचा आहे, कागदांचा आहे, आणि त्याला मुदत आहे. घाई करणाऱ्यांना हे ऐकवत नाही. मग ते आडवाटेला लागतात आणि होती ती संधीही घालवून बसतात.

जुनी नोकरी लपवून नवी भरती

याबद्दल सविस्तर लिहितो, कारण ही चूक माणसाला थेट तुरुंगापर्यंत नेते.

आमच्या भागातला एक पोरगा. सुट्टीवरून वेळेत परतला नाही, मग पुन्हा तेच, वर एका हवालदाराशी मारामारी. समरी कोर्ट मार्शल, म्हणजे पलटणीतच कमांडिंग ऑफिसरने चालवलेला झटपट खटला, झालं, नोकरी गेली. गावात तोंड दाखवायची लाज, घरी म्हातारे आईवडील. कोणीतरी डोक्यात भरवलं की चुलतभावाच्या दाखल्यावर दुसऱ्या राज्यातल्या मेळाव्यात उतर, तुला कोण ओळखतंय? उतरला. धावण्यात पहिल्या गटात आला, मेडिकल पास झाला, ट्रेनिंग सेंटरला पोचलासुद्धा.

पकडला गेला तो सवयीमुळे. पहिल्याच आठवड्यात रायफल उघडायला शिकवत होते. बाकीची पोरं कुठला भाग आधी निघतो म्हणून उस्तादांच्या हाताकडे बघत होती. याने मान वर न करता भाग सुटे केले, ओळीने चादरीवर मांडले आणि हात मागे घेऊन विश्रामात उभा राहिला. उस्तादांनी एवढंच विचारलं, "कौनसी पलटन?" आणि याच्या तोंडून जुन्या पलटणीचं नाव निघून गेलं.

पुढे काय झालं ते सांगायला नको. भरतीच्या फॉर्मवर तुम्ही आधी फौजेत होता का, असा सरळ प्रश्न असतो. जाणूनबुजून खोटं उत्तर दिलं की आर्मी ॲक्ट १९५० चं कलम ४४ लागतं, आणि शिक्षा पाच वर्षांपर्यंत जाऊ शकते. जो रीतसर सुटलेलाच नाही, म्हणजे पळून आलेला आहे, त्याने असं केलं तर कलम ४३. वर दाखला दुसऱ्याचा, म्हणून पोलीस केस वेगळी. ज्याचा काही दोष नव्हता तो चुलतभाऊही तारखांना जात राहिला. सगळ्यात वाईट म्हणजे आधीच्या शिक्षेविरुद्ध या पोराकडे मांडण्यासारखं बरंच होतं. आता त्याची बाजू कोण ऐकून घेणार?

आता तर बोटांचे ठसे आहेत, आधार आहे. शिवाय २०२२ पासून शिपायाची जवळजवळ सगळी भरती अग्निवीर म्हणून होते आणि तिची वयोमर्यादा विशीच्या सुरुवातीलाच संपते. पाच-सात वर्षं नोकरी केलेला माणूस त्यात बसतच नाही. तरीही दरवर्षी कोणीतरी प्रयत्न करतोच.

एजंट

"वरपर्यंत ओळख आहे, तीन लाखांत परत घेतो" म्हणणारा खोटं बोलतोय. विषय संपला.

आपण नेमके कसे सुटलो तेच माहीत नसणं

समोर बसलेल्याला मी विचारतो, तुला डिसमिस, म्हणजे बडतर्फ, केलंय की डिस्चार्ज, म्हणजे नोकरीतून मोकळं? तो म्हणतो, काढलं. अरे, पण कसं? पुढचं सगळं त्यावर अवलंबून आहे. आर्मी ॲक्टच्या कलम २० खाली किंवा कोर्ट मार्शलने डिसमिस झालेल्याची आधीच्या सगळ्या सेवेची पेन्शन आणि ग्रॅच्युइटी सर्वसाधारण नियमाने जाते. अपवाद म्हणून मंजुरी मिळू शकते, पण तो अपवादच. आर्मी रूल १३ खाली डिस्चार्ज झालेल्याची गोष्ट वेगळी. सेवा पंधरा वर्षं भरलेली असेल तर पेन्शन हातात राहू शकते.

कलम २३ प्रमाणे सेवा संपल्याचं प्रमाणपत्र जवानाला द्यावंच लागतं, तेही त्याच्या मातृभाषेत आणि इंग्रजीत. कोणाच्या अधिकाराने काढलं, का काढलं, एकूण सेवा किती, हे तीनही त्यावर असतं. ते ट्रंकेच्या तळाशी घालून ठेवलेलं असतं. आधी बाहेर काढा. नसेल तर रेकॉर्ड ऑफिसला लिहा. मराठा लाईट इन्फंट्रीवाल्यांनी बेळगावला, तोफखान्यातल्यांनी नाशिक रोडला. कोर्ट मार्शल झालं असेल तर त्याच्या कार्यवाहीची प्रत मागणं हा तुमचा हक्क आहे. मी प्रत्येक मागणी रजिस्टर पोस्टाने पाठवायला लावतो आणि पावती मागणीच्या नकलेलाच टाचायला लावतो. ईमेलवर माझा भरवसा नाही.

पत्रं फिरवत मुदत घालवणं

ही माझ्या डोक्यात जाणारी दुसरी चूक. बुडालेले बहुतेक जण याच पाण्यात बुडालेत.

एक नाईक होता. चौदा वर्षांच्या आसपास सेवा, म्हणजे पेन्शन अगदी नजरेत. चार रेड इंक एंट्री, म्हणजे सेवापत्रकात लाल शाईने केलेल्या शिक्षेच्या नोंदी, झाल्या म्हणून नोटीस आली, आणि लगेच डिस्चार्ज. चार लाल नोंदी झाल्या की घरी, असं पलटणीत सगळेच बोलतात आणि जवानही ते नशीब म्हणून सोडून देतात. प्रत्यक्षात तसं नाही. सेना मुख्यालयाचं २८ डिसेंबर १९८८ चं पत्र सांगतं की आधी निःपक्ष चौकशी हवी. माणसाची एकूण सेवा किती, त्याने कुठल्या खडतर ठिकाणी दिवस काढले, हे बघायला हवं. सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०१५ मध्ये हे पक्कं केलं. चार नोंदी भरल्या म्हणून डिस्चार्ज आपोआप होत नाही, चौकशीशिवाय दिलेला आदेश टिकत नाही. या नाईकाची चौकशी झालेलीच नव्हती आणि त्याची निम्मी सेवा काश्मीर आणि ईशान्येत गेलेली. केस सोन्यासारखी होती.

पण तो आला कधी? जवळजवळ चार वर्षांनी. तोवर आमदारांचं पत्र, खासदारांचं पत्र, राष्ट्रपती भवनाला अर्ज, पंतप्रधान कार्यालयाला अर्ज, मग पुन्हा आमदार. पिशवीतून पावत्यांची चवड काढून तो अभिमानाने म्हणाला, "साहेब, मी गप्प बसलो नाही." त्याला सांगताना माझ्या जिवावर आलं की यातल्या एकाही पावतीने मुदत एक दिवसानेही वाढत नाही.

मुदतीचा हिशेब असा. जवानाने आधी खात्यात दाद मागायची, म्हणजे कलम २६ खाली तक्रार, किंवा कोर्ट मार्शल झालं असेल तर कलम १६४ खाली याचिका. अंतिम उत्तर आलं की तिथून सहा महिन्यांत सशस्त्र सेना न्यायाधिकरणात, म्हणजे एएफटीत, अर्ज करायचा. उत्तरच आलं नाही तर सहा महिने वाट बघायची आणि त्यापुढच्या सहा महिन्यांत जायचं. कोर्ट मार्शलच्या शिक्षेविरुद्धचं अपील वेगळ्या कलमाखाली जातं, म्हणून त्याची मुदत वकिलाला पहिल्याच भेटीत विचारा. उशीर माफ होऊ शकतो, पण त्याला पटण्यासारखं कारण लागतं. हॉस्पिटलचे कागद चालतात. पुढाऱ्यांच्या मागे फिरत होतो, हे कारण मी चाललेलं बघितलेलं नाही.

माझी पद्धत साधी आहे. फाईलच्या पहिल्या पानावर तीन तारखा लाल पेन्सिलीने लिहायच्या: आदेशाची, आदेश हातात पडल्याची, मुदत संपण्याची. पान उघडलं की तारीख दिसलीच पाहिजे. ज्याला हे करायचाही कंटाळा येतो, त्याला मी पुढचं काही सांगत नाही.

जम्मूला काढलं म्हणून केस जम्मूला

नाही. सेवेतून बाहेर पडलेला माणूस जिथे राहतो तिथल्या एएफटीच्या पीठाकडे अर्ज करू शकतो. महाराष्ट्र आणि गोव्यातल्यांना मुंबईचं पीठ आहे.

अर्जात सीओ (कमांडिंग ऑफिसर) साहेबांना शिव्या

राग खरा असेलही. पण "सीओने माझ्यावर डूख धरला" असं दहा पानं लिहिण्यापेक्षा चौकशी झाली नाही, नोटिशीला उत्तर द्यायला वेळ दिला नाही, समरी कोर्ट मार्शलमध्ये गुन्हा कबूल करण्याचा परिणाम समजावला नाही, असं कागदावर दाखवता येईल तेवढंच लिहा. आणि व्हॉट्सॲपवर पलटणीबद्दल व्हिडिओ टाकू नका. तो तुमच्याच विरुद्ध वापरला जाईल.

माजी सैनिकाच्या कोट्यावर डोळा

डीएससीत, म्हणजे संरक्षण खात्याच्या जागांची राखण करणाऱ्या डिफेन्स सिक्युरिटी कोअरमध्ये, जाऊ, नाहीतर माजी सैनिक म्हणून सरकारी नोकरी धरू, हा विचार घेऊन बरेच येतात. केंद्राच्या व्याख्येत गैरवर्तनामुळे काढलेला जवान माजी सैनिकात मोडत नाही. डीएससी तर माजी सैनिकांमधूनच भरते आणि चारित्र्याचा शेरा बघते. आदेश रद्द झाल्याशिवाय ही दारं उघडत नाहीत. कोट्यावर टिक करून मिळवलेली नोकरी पडताळणीत जाते, हे मी दोघांच्या बाबतीत बघितलंय.

फक्त वर्दी मागणं

केस जिंकली तरी वर्दी मिळेलच असं नाही. निकाल यायला वर्षं जातात, तोवर नोकरीची मुदत किंवा वय उलटून गेलेलं असतं. २०१५ च्या त्या निकालातही जवानाला पेन्शनपुरती सेवा पूर्ण होईपर्यंत तो नोकरीतच होता असं मानलं गेलं, पेन्शन मिळाली, मागचा पगार नाही. म्हणून अर्जातल्या मागण्या क्रमाने लिहून घ्या. पहिली, आदेश रद्द करून सेवेत घ्या. दुसरी, ते शक्य नसेल तर पेन्शनपात्र होईपर्यंत सेवा धरा. तिसरी, डिसमिसचं डिस्चार्ज करा. वकिलाने एकच मागणी टाईप करून आणली असेल तर सही करू नका, पान परत टाईप करायला लावा.